कांगारूचं दूध आणि मामांची चरवी

विष्णुपुरी, नांदेड
२ डिसेंबर २०२४

ती. उमाशंकर मामांना अक्षराचा शरणार्थ.

तुमचं पत्र पोचलं. वसतिगृहाच्या चौकीदाराने ते दोन्ही बाजूंनी उलटून पाहिलं आणि घाबरत विचारलं, "मॅडम, कोर्टाचं काय?" मामा लिहितात म्हटलं तर त्याला पटेना. म्हणाला, "मामाकडं फोन न्हाई का?" फोन आहे, पण मामांनी गावचं पोस्ट तीस वर्षं चालवलंय आणि त्यांच्या मते फोनवरचं बोलणं या कानातून त्या कानात जातं, हे त्याला कसं समजावणार!

तुम्ही विचारलंय, "तू तिकडं नेमकं काय करून राहिलीस? चार लोकांत सांगता आलं पाहिजे." तर सांगते.

मी कांगारूच्या दुधातल्या प्रथिनांचा अभ्यास करते. म्हणजे त्याचा एक लहान भाऊबंद आहे, वालबी नावाचा, त्याच्या दुधातल्या. तो प्राणी काही विष्णुपुरीला नाही. ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी दूध तपासून माहिती सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे, तिच्यावर मी संगणकात काम करते. प्रथिन म्हणजे एक लांब माळ समजा. ती आपोआप दुमडते आणि ठरावीक आकार घेते. आकार जसा, तसं तिचं काम. माझ्या वाट्याला आलेलं प्रथिन अगदी आपल्या कणगीसारखं आहे. आठ पट्ट्या गोल विणलेल्या, मध्ये पोकळी. कणगीत ज्वारी राहते तसे त्या पोकळीत स्निग्ध पदार्थांचे बारीक कण बसतात. तुमच्या तिखी गाईच्या दुधातही अशीच एक कणगी असते, दूरच्या नात्यातली.

आता गंमत ऐका. वालबीचं पिल्लू जन्मतं तेव्हा तुरीच्या दाण्याएवढं असतं. ते आईच्या पिशवीत चढतं, एक सड धरतं आणि तेच सड त्याचं होतं. पिल्लू वाढेल तसं त्या सडातलं दूध बदलत जातं. आधी पातळ आणि गोड, नंतर दाट आणि स्निग्ध. प्रथिनंसुद्धा बदलतात. थोरलं पिल्लू पिशवीबाहेर उड्या मारत असताना धाकटं आलं, तर एका सडातून थोरल्याचं दूध आणि शेजारच्या सडातून धाकट्याचं, एकाच वेळी! शास्त्रज्ञांनी एकदा लहान पिल्लू काढून मोठ्या पिल्लाच्या आईला लावलं, तर ते भराभर वाढलं. म्हणजे वाढीचं वेळापत्रक बरंचसं दुधात असतं.

एवढं चार लोकांत सांगायला पुरे.

मामींना शरणार्थ. तिखी कधी विणार आहे?

तुमची,
अक्षरा

*

हिप्परगेवाडी, ता. देवणी
८ डिसेंबर २०२४

चि. अक्षरास उमाशंकरचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गुंडप्पाच्या दुकानापुढं मोठ्यानं वाचलं. बारा-पंधरा माणसं जमली होती. दोन सडांत दोन दुधं, हे मला दोनदा वाचावं लागलं. मग गुंडप्पा म्हणाला, "मास्तर, त्याचा खवा पडतो का?" एकानं विचारलं, कांगारूचं दूध काढायला माणूस बसतो कुठं आणि ते उडी मारून गेलं तर चरवी कोण धरतो. ही उत्तरं पुढच्या पत्रात दे. माझी पंचाईत झाली.

नवीन पोस्टमन पंचशीला फार खूश आहे. म्हणते, तुमच्या भाचीच्या पत्रामुळं माझ्या झोळीत आधार कार्डं सोडून काहीतरी असतं. मागच्या आठवड्यात तिखीनं दावं सोडून त्याच झोळीतली तिची भाकर खाल्ली. त्या गाईला दावं कळत नाही. गाठ कशीही मारा, जिभेनं सोडते आणि वाड्यावस्तीला फिरून येते.

तर तिखीबद्दल. ती या महिनाअखेरीस विणार. तुला माहीत आहे, माझ्या वडिलांनी आणलेल्या देवणी गाईच्या वंशातली ही एकटी उरली. मागच्या दोन्ही वेळा गोऱ्हे झाले. आता तिचं वय झालं, हे शेवटचं वेत. कालवड झाली तर वंश राहील, नाही तर संपला. रोज सकाळी तिच्याकडं पाहून मी एवढीच गोष्ट मागतो.

अडचण अशी की मागच्या वेळी तिची कास सुजली, तेव्हा दोन सडं गेली ती गेलीच. राहिलेल्या दोन सडांतही या वेळी काही उतरलेलं दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, चीक येईल की नाही सांगता येत नाही. मी काळजीत होतो. पण तुझ्या पत्रानं मार्ग दाखवला. आपली मोगरी गाय सहा महिन्यांची दुभती आहे. तिचं दूध दाट आणि स्निग्ध. वासरू जमिनीवर पडलं की थेट मोगरीला लावणार. तुझ्या कांगारूच्या हिशेबानं ते भराभर वाढेल. सगळ्या गावाला सांगून टाकलं आहे. भाची शिकल्याचा हा फायदा.

काळजी नसावी.

तुझा,
उमाशंकर मामा

*

विष्णुपुरी, नांदेड
१२ डिसेंबर २०२४

ती. मामांना शरणार्थ.

तुमचं पत्र वाचून मी आधी फोन केला, हे तुम्हाला आवडलेलं नाही हे कळलं. तुम्ही मला फोनवर सहा वेळा "हाव, हाव" म्हणालात. तुमचं "हाव" मी लहानपणापासून ओळखते. आईने लातूरच्या डॉक्टरला डोळे दाखवा म्हटलं तेव्हाही तुम्ही असंच हो म्हणालात आणि गेला नाहीत. म्हणून लिहिते. लिहिलेलं तुम्ही वाचता.

मामा, वासराला पहिल्यांदा मोगरीचं दूध पाजू नका. आधी चीक हवाच. तिखीचा नसेल तर दुसऱ्या ताज्या व्यालेल्या गाईचा.

मी पत्रात अर्धीच गोष्ट सांगितली. ते पिल्लू मोठ्या पिल्लाच्या आईला लावलं तेव्हा दोन महिन्यांचं होतं, नुकतं जन्मलेलं नव्हतं. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आजाराशी लढणारी प्रथिनं चिकात भरपूर असतात. वासराला ती पोटात असताना आईकडून मिळत नाहीत, सगळी चिकातूनच मिळतात. आतड्याची भिंत त्या प्रथिनांना आख्खी रक्तात जाऊ देते, पण ते दार एका दिवसात बंद होतं, आणि पहिल्या काही तासांतच त्याची फट बारीक होत जाते. वालबीच्या पिल्लाचं दार मात्र कितीतरी महिने उघडं असतं. त्याला घाई नाही. तुमच्या कालवडीला आहे. (कालवडच होणार, असं धरून चालले आहे.)

गावात दुसरी कोणाची गाय विणार आहे का? तिच्या पहिल्या दिवसाचा चीक बाटलीत भरून बर्फात गोठवून ठेवता येतो. गुंडप्पाकडे आइसकांडीचा फ्रीजर आहेच. वेळ आली की कोमट पाण्यात बाटली ठेवून पातळ करायचा आणि पाजायचा. चुलीवर तापवायचा नाही.

गुंडप्पाला सांगा, खवा पडत नाही. आणि दूध काढताना वालबीला माणूस मांडीवर घेतो आणि गुंगी देतो, म्हणून उडी मारत नाही.

तुमची,
अक्षरा

*

हिप्परगेवाडी
१६ डिसेंबर

अक्षरा बाळा,

मी गुरम्मामामी लिहिते. अक्षर वाकडं आहे, समजून घे. हे पत्र पोस्टानं पाठवलं तर तुझ्या मामांना वासानंच कळेल, म्हणून पंचशीलानं नांदेडच्या यष्टीच्या कंडक्टरच्या हाती दिलंय. तिकीट न लावता पत्र पाठवलं हे त्यांना कधी सांगू नको. मला घरातून काढतील.

तू लिहिलेलं त्यांनी दोनदा वाचलं. मान हलवली. मग म्हणले, "पोरगी घाबरट हाय. मोगरीलाच लावू." मी म्हणलं, पोरीनं शिकून लिहिलंय की. तर म्हणले, "पहिल्या पत्रातबी शिकूनच लिहिलं होतं."

पण बाळा, खरी गोष्ट कांगारूची न्हाई. खरी गोष्ट चरवीची हाय.

जून महिन्यात मोगरी व्याली तेव्हा मी सगळ्यांकडं चीक धाडला. शेजारच्या भुजंगरावाकडं पितळी चरवी भरून दिली. आपल्यात भांडं रिकामं परत देत न्हाईत, मूठभर गहू तरी, गुळाचा खडा तरी टाकतात. भुजंगराव चरवी ओट्यावर ठेवून गेला आणि ह्यांनी पाहिली तर आत काहीच न्हाई. चाटून पुसल्यासारखी चकचकीत. ह्यांना लई लागलं. "माझ्या गाईच्या चिकाची ह्याला एवढीच किंमत!" तेव्हापासून बोलणं बंद. भिंतीला भिंत लागून घर आणि सहा महिने झाले, खोकला आला तरी तोंड फिरवून खोकतात.

आणि आता बघ. आज पहाटे भुजंगरावाचीच गाय व्याली. गावात दुसरी कोणाची विणारी न्हाई. तारामती, म्हणजे त्याची बायको, भांडण बाजूला ठेवून स्वतः चीक घेऊन दारात आली. ह्यांनी आतूनच सांगितलं, "आमच्याकडं कुणाला खरवस आवडत न्हाई." खरवस आवडत न्हाई! मागच्या वर्षी ताट चाटलं होतं. तारामती बिचारी तशीच परत गेली.

म्हणून मला एक सुचलंय. पंचशीलाच्या घरी तारामतीनं खरवस पाठवलाय. तो पंचशीला मला देते म्हणते. खरवसही चिकाचाच. वासरू झालं की तो कोमट पाण्यात कालवून पाजला तर चालेल का? म्हणजे भुजंगरावाकडं जायला नको आणि वासरालाही मिळेल. ह्यांनाही कळायचं न्हाई.

लवकर कळव. पंचशीलाचा नंबर मागं लिहिलाय.

तुझी मामी

*

विष्णुपुरी
१७ डिसेंबर २०२४

प्रिय मामी,

कंडक्टरने काल रात्री पत्र दिलं, वर दहा रुपये मागितले. पंचशीलाताईंना लगेच फोन केला, तो निरोप पोचला असेलच. तरी नीट लिहून याच गाडीने पाठवते.

मामी, खरवस चालणार नाही! खरवस हे तुमच्या माझ्यासाठी. मी मामांना लिहिलं होतं ना, की प्रथिनाचा आकार जसा तसं त्याचं काम? चीक उकडला की त्या दुमडलेल्या माळा उलगडतात आणि एकमेकींत गुंततात. म्हणून तर पातळ चिकाची घट्ट वडी होते. आजाराशी लढणारी जी प्रथिनं आहेत त्यांचाही आकार मोडतो. मग ती पोषण देतील, पण राखण करणार नाहीत. कणगी उसवून तिच्या काड्या झाल्यावर तिच्यात ज्वारी कशी भरणार, तसं.

पंचशीलाताई म्हणाल्या, तारामतीकाकूंनी कच्चा चीक अजून थोडा ठेवलाय. तो आजच्या आज गुंडप्पाच्या फ्रीजरमध्ये गेला पाहिजे. मामांना आधी सांगायचं की नंतर, ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर ते स्वतः मागायला गेले तर सगळ्यात बरं. पण वासराच्या दाराला तेवढा धीर नाही.

तुमची,
अक्षरा

*

हिप्परगेवाडी, ता. देवणी
२४ डिसेंबर २०२४

चि. अक्षरास अनेक आशीर्वाद.

तीन दिवस पत्र लिहायला बसतो आणि कोणीतरी वासरू बघायला येतं. आज दार लावून लिहितो.

शनिवारी दुपारी जेवणवेळेला तिखी व्याली. कालवड झाली. तोंड काळं, अंग पांढरं, माझ्या वडिलांच्या गाईसारखीच, आपण जिला वानेरा म्हणतो ती. मी ओट्यावर बसून घेतलं.

मग तिखीच्या कासेला हात लावला. राहिलेली दोन्ही सडं पिळून पाहिली. थेंब नाही. ठरल्याप्रमाणं कालवडीला उचलून मोगरीकडं नेलं. तिनं तोंड लावलं, मोगरीनं लाथ उचलली. पुन्हा नेलं, पुन्हा तेच. गुरम्मा गोठ्याच्या दारात उभी राहून बघत होती. तिचं ते बघणं मला माहीत आहे. कालवड माझ्या मांडीवर मान टाकून पडली. थंडीनं अंग थरथरत होतं.

तेव्हा तुझं दार माझ्या डोक्यात वाजायला लागलं. तू लिहिलं होतंस, पहिल्या काही तासांतच फट बारीक होते. मी तीस वर्षं टपाल वाटलं. दार बंद व्हायच्या आत पोचायचं, एवढंच तर काम केलं. आणि इथं माझ्याच गोठ्यात एक दार बंद होत होतं, मी चरवी धरून बसलो होतो.

तर उठलो. तीच पितळी चरवी घेतली आणि भुजंगच्या दारात जाऊन उभा राहिलो. तो शेंगा फोडत बसला होता. वर बघितलं आणि म्हणाला,

"काय मास्तर, कांगारू पाजीना काय?"

गावभर सांगितल्याचं फळ. मी म्हणालो, "न्हाई पाजीत. चीक पायजे."

"आमचं तं तुमाला आवडत न्हाई म्हणं."

"मला न्हाई, माझ्या कालवडीला आवडतंय."

"कालवड झाली?" शेंगा खाली सांडून तो उठलाच. "मग हितं काय करून राहिलाव? तारे! अगं तारे! मास्तरच्या घरी कालवड झाली!"

तारामती आतून आली. म्हणाली, "भावजी, चीक गुंडप्पाच्या बरफात हाय. तुमच्याच नावानं." भुजंग म्हणाला, हे मला कसं माहीत नाही. ती म्हणाली, "तुमाला सांगितलं असतं तं तुमी मास्तरला चिडवायला चार दिस आधीच गेला असता."

गुंडप्पानं आइसकांड्यांच्या खालून बाटली काढली. तिच्यावर पंचशीलाच्या अक्षरात माझं नाव, पत्ता, पिनकोड आणि वर पाच रुपयांचं तिकीट. गुंडप्पा म्हणाला, "पोरं मागत हुती, मास्तर. म्हणलं, सरकारी हाय, हात लावू नगा." तिकिटावर शिक्का मारायचा राहिला होता, ते मी पंचशीलाला नंतर सांगितलं. पण टपाल रीतसर माझ्या नावानं आलेलं, ते मी ताब्यात घेतलं.

बाटली कोमट पाण्यात ठेवली. भुजंग पाण्यात कोपर घालून बघत राहिला, जास्त गरम झालं की गार ओतायचा. मला म्हणाला, "उकडू नगा, माळा सुटत्यात म्हणं." हे त्याला कोणी सांगितलं, विचारल्यावर सगळ्या बायका एकदम दुसरीकडं बघायला लागल्या. म्हणजे तुझी काही पत्रं माझ्या हातून न जाता आली आहेत. कशी आली ते मी विचारणार नाही. पण मी पोस्टमास्तर होतो, हे लक्षात ठेव.

कालवड बाटलीचं तोंड सोडेना, एवढी प्यायली. संध्याकाळी पुन्हा, राहिलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उभी होती आणि माझ्या धोतराचं टोक चोखत होती. परवापासून तिखीच्या दोन सडांत थोडं उतरायला लागलं आहे, आणि मोगरीनंही लाथ मारायची सोडली. डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, दमदार आहे.

आता चरवीचं ऐक. हे लिहायला मला जड जातं, पण तुझ्यापर्यंत ते दुसऱ्या वाटेनं पोचलं असेल, म्हणून माझ्याकडूनही ऐक.

रविवारी भुजंगच्या घरी चरवी घेऊन जायचं ठरवलं. रिकामी नेणं शक्य नाही. त्यात गुळाचा मोठा खडा ठेवला, ओट्यावर चरवी ठेवली आणि चपला घालायला वळलो. वळून बघतो तर तिखी. दावं सोडलेलं, तोंड चरवीत मानेपर्यंत. ओढून काढेपर्यंत गूळ संपला होता. चरवी आतून बाहेरून चाटून चकचकीत. अगदी जूनमध्ये होती तशी.

मी तिथंच उभा राहिलो. गुरम्मा हसत खाली बसली. मग मी तशीच रिकामी चरवी घेऊन भुजंगकडं गेलो आणि विचारलं, "भुजंगराव, जूनमध्ये तुम्ही चरवी परत आणली, तेव्हा आत काय होतं?"

"गूळ! अर्धा किलो! चांगला होता म्हणून दिला तं तुमी बोलणंच टाकलं. मी म्हणलं, मास्तरला गूळ कमी वाटला असंल."

म्हणजे तो सहा महिने समजत होता की मी अर्ध्या किलो गुळावर नाराज आहे. मी समजत होतो, त्यानं माझ्या चिकाची किंमत केली नाही. आणि जिनं खाल्ला ती दोन घरांच्या मध्ये उभी राहून शेपूट हलवत होती.

मी त्याला तिखीची गोष्ट सांगितली. त्याला हसू आवरेना, मग मलाही आवरेना. तारामतीनं चरवी हातातून काढून घेतली आणि तुरीच्या शेंगा भरून परत दिली. आता ती रिकामी कशी परत करायची? गुरम्मानं काल त्यात वांगी घालून पाठवली. आज सकाळी ती हरभऱ्याच्या डहाळ्यांनी भरून आली. ही चरवी आता कोणाच्या घरी थांबायची, काही कळत नाही. एक मात्र केलं आहे. हातात दिल्याशिवाय ठेवायची नाही.

कालवडीचं नाव गावानं आधीच ठेवलं आहे. सगळे तिला कांगारू म्हणतात. मी विरोध केला, पण हाक मारली की ती कान वळवते, तेव्हा काय करणार! माझ्यापुरतं मी तिला वालबी म्हणतो.

सोबत स्टीलचा डबा पाठवतो आहे. आत हुरडा आहे, शेंगदाण्याची चटणी आहे. नांदेडच्या यष्टीच्या कंडक्टरच्या हाती दिला आहे. तो रस्ता तुम्हाला बायकांना चांगला माहीत आहे, असं कळलं. त्याला दहा रुपये मी इथंच दिले, पुन्हा देऊ नकोस.

डबा रिकामा पाठवू नकोस. आठ पट्ट्यांची ती कणगी एका कागदावर नीट काढून, तिच्यात काय बसतं ते लिहून डब्यात घाल. भुजंगला समजावून सांगायची आहे. त्याला अजून वाटतं की तिच्यात गूळ बसतो.

तुझा,
उमाशंकर मामा